जुनी यानं, नवे प्रवासी

२०२० सालचा एप्रिल आठवतो? सराफा बंद, छप्पन दुकान बंद, पोहे-जिलबीसुद्धा घरच्या घरी. त्या दिवसांत दूरदर्शनने 'रामायण' आणि 'महाभारत' यांच्याबरोबर 'शक्तिमान'ही पुन्हा दाखवायला घेतलं. ऑफिसची मीटिंग म्यूट करून मी टीव्हीसमोर जाऊन बसलो. शेजारी माझा भाचा. बहीण माहेरी आली आणि लॉकडाऊनमुळे इथेच अडकली, म्हणून तोही आमच्याकडेच होता. वय वर्षं सहा.

शक्तिमान गोल गोल फिरत वर गेला. माझ्या अंगावर तोच जुना काटा. भाचा मात्र पोट धरून हसत होता. "मामा, हा उडत नाहीये! मागचं चित्र नुसतं सरकतंय. दिसतं ना!"

खरं सांगतो, राग आला. १९९७ साली ही मालिका सुरू झाली तेव्हा याच चित्राने आम्हाला वेड लावलं होतं. पण अर्ध्या तासाने भाग संपला, जाहिरात लागली आणि हसणारा तोच मुलगा म्हणाला, "मग पुढे काय झालं?"

गेली पाच वर्षं हे दोन्ही प्रसंग माझ्या डोक्यात आहेत, त्याचं हसणंही आणि तो प्रश्नही. जुन्या विज्ञानकथा पुन्हा पडद्यावर आणण्याची सध्या जगभर लाट आहे. त्यातलं काय टिकतं आणि काय हास्यास्पद होतं, याचं उत्तर मला त्या एका दुपारी मिळालं होतं. फक्त ते कळायला उशीर झाला.

आमच्या वाट्याची अंतराळयानं

आपल्या घरांतल्या तीन पिढ्यांनी तीन वेगळी यानं पाहिली आहेत. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी अमेरिकेची 'स्टार ट्रेक' लागायची. आमचे काका-मामा अजून मिस्टर स्पॉकच्या कानांविषयी बोलतात. मग आपलीच 'स्पेस सिटी सिग्मा' आली. १९८९ मध्ये 'इंद्रधनुष' आली. त्यात मुलं स्वतः कॉम्प्युटर जोडतात आणि परग्रहवासी त्यांच्या घरी येतो. पुढे मोठा दिग्दर्शक झालेला करण जोहर त्यात शाळकरी मुलाच्या भूमिकेत आहे, आणि गिरीश कार्नाडही आहेत.

आमच्या वयाच्या मुलांचं यान म्हणजे 'कॅप्टन व्योम'. साल १९९८, दिग्दर्शक केतन मेहता, नायक मिलिंद सोमण. आज त्याची ग्राफिक्स पाहिली तर आमच्या ऑफिसातला नवा इंटर्नसुद्धा नाक मुरडेल. पण त्या काळी आमच्या गल्लीतला प्रत्येक मुलगा टॉवेल खांद्याला बांधून व्योम झाला होता, आणि खलनायक व्हायला कोणीच तयार नसायचं.

या मालिका संपल्या आणि आम्ही मोठे झालो. गोष्ट तिथेच थांबायला हवी होती. पण जगात काही ठिकाणी ती थांबली नाही, आणि त्याचं श्रेय प्रेक्षकांना जातं.

मालिका बंद पडते, प्रेक्षक बंद पडत नाहीत

'स्टार ट्रेक' १९६६ साली सुरू झाली. दोन वर्षांत ती बंद पडायच्या बेतात होती. तेव्हा ब्यो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन यांनी चाहत्यांना पत्रं लिहायला लावली. वाहिनीच्या कचेरीत पत्रांचा ढीग पडला आणि मालिकेला तिसरं वर्ष मिळालं. १९६९ मध्ये ७९ भागांवर ती संपलीच. पण पुनःप्रक्षेपणात तिला पहिल्यापेक्षा मोठा प्रेक्षक लाभला. १९७९ मध्ये चित्रपट आला, १९८७ मध्ये नवी मालिका आली, आणि आता पहिल्या प्रेक्षकांची नातवंडं तिचे नवे भाग बघतात.

ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'ची गोष्ट तर आणखी वेगळी. १९६३ ते १९८९ अशी ती सलग चालली. पण सुरुवातीच्या काळात बीबीसी जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरायची. टेप महाग होती, आणि हे कार्यक्रम पुन्हा कोणी बघेल असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे साठच्या दशकातल्या शंभरेक भागांची चित्रं नाहीशी झाली. आवाज मात्र एकूण एक भागाचा आहे. कारण काही मुलं टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून भाग ध्वनिमुद्रित करायची! पुढे त्याच आवाजांवर ॲनिमेशन करून अनेक भाग पुन्हा उभे राहिले. २००५ मध्ये मालिका परत आली ती रसेल टी. डेव्हिस या लहानपणापासूनच्या चाहत्याने आणली. नंतर 'डॉक्टर' झालेल्या पीटर कपाल्डी या नटाने पंधराव्या वर्षी मालिकेविषयी मासिकाला पत्र पाठवलं होतं.

म्हणजे चाहता नुसता बघत नाही. तो पत्र लिहितो, जपून ठेवतो, आणि एक दिवस स्वतःच बनवायला बसतो.

थर्माकोलचं यान आणि एक हार्ड डिस्क

बनवायला आम्हीही बसलो होतो. बीईच्या शेवटच्या वर्षी कॉलेजच्या महोत्सवासाठी चौघांनी मिळून 'कॅप्टन व्योम'चा पुढचा भाग काढला, चौदा मिनिटांचा. यान थर्माकोलचं, कंट्रोल पॅनल भंगारातल्या सीपीयूंच्या डब्यांचं, जेल रोडवरून आणलेले एलईडी आणि आकाशकंदिलाच्या चंदेरी कागदाचा पोशाख. गुरुत्वाकर्षण नाही हे दाखवायला आमच्यातल्या सगळ्यात हलक्या मुलाला दोघांनी धरून उचलायचं आणि तिसऱ्याने कॅमेरा तिरका करायचा. हॉलमध्ये पोरांनी शिट्ट्या मारमारून छत डोक्यावर घेतलं.

आज ती फिल्म कुठे आहे? कुठेच नाही. एकाच हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क गेली. बॅकअप ठेवा, असं दिवसभर लोकांना सांगून पगार घेणाऱ्या माणसाने हे लिहायला लाज वाटायला हवी. बीबीसीला हसायची सोय मला राहिली नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानातही आली नव्हती. व्योम आमचा नव्हता. कोणी तरी तो निर्माण केला होता आणि त्याचे हक्क कोणाकडे तरी होते. कॉलेजच्या हॉलपुरतं कोणी विचारत नाही, पण इंटरनेटवर टाकलं की प्रश्न येतोच. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी हे भोगलं आहे. 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' या चाहत्यांच्या मंडळीने २०१३ ते २०१७ मध्ये जुन्या मालिकेचे अकरा भाग असे तयार केले की सेट, कपडे, प्रकाशयोजना सगळं हुबेहूब. दुसऱ्या एका गटाने 'ॲक्सनार' या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून मोठी रक्कम जमवली आणि २०१५च्या अखेरीस मालकांनी त्याच्यावर दावाच ठोकला. पुढच्या वर्षी नियम आले. चाहत्यांची गोष्ट एका भागात पंधरा मिनिटांची, फार तर दोन भाग, वर्गणीला ५० हजार डॉलरची मर्यादा, आणि काम करणारे हौशीच हवेत.

आपल्याकडे कायदा सोपा आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे, त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मराठी विज्ञानकथेचा पत्ता

आता मराठीकडे येऊ. 'आपल्यात कुठे आहे सायन्स फिक्शन?' असं तरुण मंडळी विचारतात. आहे, आणि तिचा पत्ता बघाल तर गंमत वाटेल.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची कादंबरी मराठीत क्रमशः छापली गेली ती 'केरळ कोकिळ' मासिकात. हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी काढलं, तेही कोचीला राहून! पुढे व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला तो भा. रा. भागवतांनी. 'फास्टर फेणे'चे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचा जन्म १९१०चा, आणि गाव कोणतं? इंदूर. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, पण वाढले बनारसला, कारण वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात प्राध्यापक होते. १९७४ मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' ही पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून हा खटाटोप. बक्षीस मिळालंच. २०२१ मध्ये ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गेल्या २० मेला, २०२५ मध्ये, ते गेले.

कोची, इंदूर, बनारस. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांनी या साहित्याला बरंच काही दिलं आहे. तेव्हा 'आपण इथे लांब, आपल्याकडून काय होणार' हे म्हणायची सोय नाही.

पडद्यावरचं पुनरुज्जीवनही मराठीला नवं नाही. 'फास्टर फेणे' १९८७ मध्ये सुमीत राघवनला घेऊन दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये अमेय वाघला घेऊन सिनेमात. सिनेमातला बन्या शाळकरी राहिला नाही, प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. जुन्या वाचकांतले काही हळहळले. पण अन्याय दिसला की त्यात उडी घेणारा तो मुलगा तसाच होता. ती विज्ञानकथा नव्हे, पण धडा तोच आहे.

पाताळपाणीची तोफ

यंदाच्या उन्हाळ्यात भाचा पुन्हा महिनाभर इंदूरला आला. आता अकरा वर्षांचा. त्याला अमेरिकन मालिकांतली पात्रं तोंडपाठ. मराठी ऐकून सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की हिंदी. इंदूरच्या बऱ्याच घरांत हेच चित्र आहे. नारळीकर गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी आईने, म्हणजे त्याच्या आजीने, त्यांची एक गोष्ट वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "मामा, आपण असं काही बनवू शकतो?"

नारळीकरांच्या कथांचे हक्क अजून अनेक वर्षं आहेत. भागवतांचा अनुवादही हक्काखालीच. पण व्हर्न १९०५ साली गेला. तो आता सगळ्यांचा. त्याची कादंबरी घ्यायची, संवाद आपण लिहायचे, आणि कॅमेऱ्याच्या भानगडीत न पडता ध्वनिमालिका करायची असं ठरलं. फोनवर रेकॉर्डिंग, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर, आणि स्टुडिओ म्हणजे दोन गाद्या उभ्या करून वरून टाकलेली गोधडी. मे महिन्यात त्या गोधडीखाली बसणं हाच एक अंतराळप्रवास होता. शेजारची दोन मुलंही सामील झाली.

व्हर्नच्या गोष्टीत ९०० फूट लांबीची तोफ जमिनीत ओतून तीन माणसांना गोळ्यात बसवून चंद्राकडे डागतात. जागा कुठली निवडायची याचा नियम तो सांगतो. चंद्र बरोबर डोक्यावर यायला हवा, म्हणून जागा विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आत पाहिजे. लंडन-पॅरिस बाद. भाच्याने नकाशा काढला. इंदूर जवळपास पावणेतेवीस अंशांवर. "मामा! आपलं जमतं!" घरात असा जल्लोष झाला की जणू इस्रोचं पत्र आलं.

तोफेसाठी पाताळपाणीची दरी ठरली. धबधबा सुमारे ३०० फुटांचा आहे, म्हणजे उरलेलं ६०० फूट खणायचं. लष्करातले जाणकार शेजारी महूला आहेतच. स्फोटाचा आवाज कुकरच्या शिट्टीचा आणि पिंपावर मारलेल्या लाटण्याचा.

मग त्यांनी विचारलं, आतली माणसं जगतील का? हिशेब करून बघितला. २७५ मीटरच्या नळीत शून्यापासून सेकंदाला ११ किलोमीटर वेग गाठायचा तर प्रवाशाला स्वतःचं वजन वीस हजार पटींहून जास्त वाटेल. ६० किलोचा माणूस क्षणभर १,२०० टनांचा! व्हर्नने यावर उपाय म्हणून गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर दिला होता, पण त्याने काही भागणार नाही. रॉकेट तोच वेग हळूहळू, काही मिनिटांत गाठतं, म्हणून त्यात माणूस वाचतो. पोरांना अनेक दिवस पुरेल एवढा हा विषय झाला. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. आपल्या गोष्टीतल्या आजीबाई शास्त्रज्ञ उड्डाणाच्या आधी हाच हिशेब मांडतात, तोफ रद्द होते आणि त्याच दरीतून रॉकेट सुटतं. मूळ गोष्टीत प्रवासात एक कुत्रा मरतो. त्यावर मतदान झालं आणि कुत्रा एकमताने वाचला.

मी केलेली चूक

इथवर सगळं छान होतं. बिघडवलं मी.

दुसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग चालू होतं. भाच्याचं वाक्य होतं, "कॅप्टन, आपण घसरतोय." तो म्हणाला, "कॅप्टन, आपण फिसलून राहिलो." मी थांबवलं. पुन्हा. "तो मला बोलला" असं आलं की थांबवलं, 'म्हणाला' म्हण. ळ नीट नाही, थांबवलं. अर्ध्या तासात अकरा वेळा. बाराव्या वेळी त्याने हेडफोन काढून ठेवले आणि शांतपणे म्हणाला, "मामा, मग हिंदीतच करू ना. तिथे मला कोणी थांबवत नाही." आणि खाली खेळायला निघून गेला. दोन दिवस त्या गोधडीकडे फिरकला नाही.

रात्री आई मला म्हणाली, "तू लहान होतास तेव्हा 'चावी गुम झाली' म्हणायचास. तुझे बाबा हसायचे, पण तुझी गोष्ट पुरी ऐकून घ्यायचे."

तेव्हा मला २००३ सालची एक भानगड आठवली. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही १९७८ची मालिका नव्याने आणताना निर्मात्यांनी स्टारबक नावाच्या वैमानिकाचं पात्र पुरुषाऐवजी स्त्री केलं. जुने चाहते खवळले. मूळ मालिकेचा अपमान झाला म्हणाले. आणि ती नवी मालिका पहिलीपेक्षा कितीतरी जास्त चालली, वाखाणली गेली. कारण आपलं घर हरवलेल्या माणसांची गोष्ट तीच होती, फक्त सांगणारे आजचे होते.

त्या खवळलेल्या चाहत्यांत आणि माझ्यात काही फरक नव्हता. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याची राखण करता करता आपण कधी त्याला कुलूप लावतो, कळत नाही. चाहत्यांनीच मालिका जगवल्या हे खरं, पण नव्या माणसाला दारातच अडवणारेही बहुतेक वेळा आपणच असतो. भाषेचंही तसंच. 'शुद्ध' मराठीचा आग्रह धरून मी त्या मुलाला मराठीतूनच बाहेर काढत होतो.

तिसऱ्या दिवशी मी माफी मागितली. "तुझी वाक्यं तुझ्या पद्धतीने. मी फक्त आवाज नीट आला का बघणार." कॅप्टन 'फिसलला' तो तसाच राहिला. आजीबाई शास्त्रज्ञाचे संवाद आईने तिच्या खणखणीत मराठीत म्हटले. चौथ्या भागाच्या वेळी भाचा आपणहून स्वयंपाकघरात गेला आणि विचारून आला, "आजी, लँड होण्याला तुमच्यात काय म्हणतात?" मी तोंड उघडलं नाही. पाचव्या भागात 'उतरणं' आलं. ते मी आणलं नव्हतं.

पाच भाग झाले, प्रत्येकी आठ-नऊ मिनिटांचे. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. पुण्याच्या आत्याने 'भाषेकडे जरा लक्ष द्या' असं लिहिलं आणि खालोखाल विचारलं, "सहावा भाग कधी?"

दिवाळीच्या सुट्टीत काय करता येईल

तुमच्याकडेही हे सहज होईल. आधी कपाटं उघडा. जुन्या व्हीएचएस, ऑडिओ कॅसेट, नाट्यस्पर्धेची रेकॉर्डिंगं असतील तर लवकर डिजिटल करून घ्या. माझ्या मावसभावाकडे 'इंद्रधनुष'चे दोन भाग टेपवर होते, ते बुरशीने गेले. आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा. हे मी अनुभवाने सांगतो.

गोष्ट निवडताना हक्कांचा विचार करा. ज्यूल व्हर्न मोकळा आहे, एच. जी. वेल्स १९४६ साली गेला, तोही मोकळा आहे. मराठी लेखकाची कथा हवी असेल तर प्रकाशकाला एक पत्र लिहा. न विचारता करून इंटरनेटवर टाकू नका.

आणि गोष्ट मुलांच्या हातात दिल्यावर हात मागे घ्या. आपल्या आठवणीतलं यान जसंच्या तसं त्यांनी चालवावं हा हट्ट नको. शक्तिमानच्या उडण्याला हसणाऱ्या मुलाने त्याच दुपारी 'पुढे काय झालं' असं विचारलं होतं. माझं लक्ष तेव्हा फक्त त्याच्या हसण्याकडे होतं.

आमच्या चंद्रयात्रेचा सहावा भाग दिवाळीत रेकॉर्ड होईल. कुत्रा परत येणार आहे की चंद्रावरच राहणार, यावर सध्या रोज फोनवर वाद चालू आहे, आणि तो मराठीत चालू आहे.